सिस्टर, वय एकोणसाठ

सिद्धगडाच्या पायथ्याशी, ता. मुरबाड
२१ डिसेंबर २०२४, शनिवार

चि. दिशा,

चार वर्षांनी आत्याचं पत्र आलं म्हणून पाकीट उलटंपालटं करून बघशील. बघ. अक्षर माझंच आहे. फोन का नाही केला असं तुझा बाप विचारेल. धर्माला सांग, एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे आवाज कानाला बांधून बसले, आता उजव्या कानाने मला पडलेलं भांडंही ऐकू येत नाही. शिवाय इथे रेंज हवी तर देवळामागच्या टेकाडावर चढावं लागतं आणि माझे गुडघे त्याला तयार नाहीत. विठू जीपवाला एक दिवसाआड किन्हवलीवरून शहापूरला येतो, त्याच्या हाती पाठवते. उत्तर त्याच्याच हाती दे.

काम असं. माझी कुत्री सिस्टर आजारी आहे. पिल्लू असताना तू तिला पाहिलंस: काळी, गळ्याखाली पांढरा पट्टा, आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर चालायच्या तशी मान ताठ ठेवून चालणारी, म्हणून ते नाव. पाड्यावर सगळे शिस्टर म्हणतात. नऊ वर्षांची झाली. महिनाभर खाणं घटलंय, पाणी मात्र बादलीभर पिते. चार दिवसांपूर्वी उलट्या सुरू झाल्या तेव्हा तिला मुरबाडला नेलं. प्राण्यांचे डॉक्टर बाहेरगावी. त्यांच्याकडच्या गोमा कंपाउंडरने पायातून रक्त काढून दिलं आणि म्हणाला, "बाई, शेजारच्या लॅबमध्ये द्या. पन कुत्रीचं हाय ते बोलू नका, घेनार नाय."

मी खोटं बोलत नाही. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं: नाव सिस्टर, आडनाव हरड, स्त्री, वय नऊ. ती म्हणाली, "सिस्टर म्हणजे हॉस्पिटलमधल्या का?" म्हटलं, "नावच आहे." माणूस की जनावर हे तिने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. रिपोर्ट आला त्यावर छापलंय, सिस्टर हरड, वय ५९. म्हातारी आधीचे पन्नास म्हणायला विसरली असं त्या दीडशहाणीला वाटलं असणार.

रिपोर्ट सोबत जोडला आहे. क्रिएटिनिन १.३, पुढे ठळक अक्षरांत 'जास्त'. युरिया ११८, तोही ठळक. हिमोग्लोबिन ८.१. आणि सगळ्यात खाली, किडनीचं कार्य ४७. ती मुलगी म्हणाली, "काकी, किडनी अर्ध्याहून जास्त गेलीय. सिस्टरना कल्याणला न्या, डायलिसिस लागेल." विठू म्हणतो, "बाई, मुक्या जनावराला कशाला तलमलवता. सुई मारा नि सोडवा."

डॉक्टर सोमवारी येणार आहेत. किडनी खरंच गेली असेल तर मी तिला सुईने झोपवणार. माझ्यासाठी तिने तडफडत राहावं असं मला नको. पण गेलीच आहे का, एवढं मला कोणीतरी नीट वाचून सांगा.

धर्माच्या वास्तुशांतीला पंचवीस माणसांसमोर मी तुला 'गुरांची डॉक्टर' म्हटलं होतं. ते मागे घेत नाही. गुरांचं डॉक्टर कोणीतरी व्हायलाच हवं. म्हणण्याचा सूर वाईट होता, तो मागे घेते.

मथुराआत्या


शहापूर
२२ डिसेंबर

ती. आत्या,

विठूदादा दवाखान्यासमोर हॉर्न वाजवत उभे आहेत, म्हणून घाईत लिहिते. उद्याची सुई रद्द कर.

सगळ्यात आधी तो ४७ चा आकडा पेनने खोडून टाक. तो रक्तात नसतो, कॉम्प्युटर काढतो. क्रिएटिनिन, वय आणि बाई की पुरुष हे घालून माणसांसाठी केलेलं गणित आहे ते. कुत्र्याला ते लागू नाही. एकोणसाठ वर्षांच्या नर्सची किडनी अर्धी गेली आहे, पण अशी नर्सच नाही. (पप्पा हे वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला.)

'जास्त' हा शिक्काही माणसांच्या मापाने मारलेला आहे. आमच्या मशीनवर कुत्र्याचं क्रिएटिनिन ०.५ ते १.८ पर्यंत ठीक धरतात. १.३ मध्यावर आलं. तेव्हा किडनी ठीक आहे, काळजी सोड. युरिया खरंच जास्त आहे, पण तो अंगातलं पाणी कमी झालं तरी चढतो, मासळी-मटण फार झालं तरी चढतो.

तरी रक्त पुन्हा पाठव, या वेळी कुत्रीच्या नावाने. सोबत लघवी हवी. सकाळची पहिली, मधली धार, जमिनीवरून उचललेली नको. बर्फाच्या पिशवीत ठेव. दवाखान्याचा फॉर्म पाठवते आहे, त्यात पाच रकाने आहेत. दिवसाला पाणी किती पिते, वजन किती, उलट्या किती, शी कोणत्या रंगाची, आणि पाचवा, आधी दिलेली औषधं. पाचव्यात सगळं लिही, माणसाची गोळी असली तरी.

दिशा

ता. क. सूर मला आठवत नाही. शब्द आठवतात.


सिद्धगडाच्या पायथ्याशी
२५ डिसेंबर

चि. दिशा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. सोमवारी डॉक्टर आले तेव्हा त्यांना दारातून सांगितलं, सुई परत न्या, माझ्या भाचीने वाचलंय. ते म्हणाले, "मलाही एकदा बघू द्या." म्हटलं, चार दिवस बोलावत होते तेव्हा कुठे होतात? गेले बिचारे.

लघवीची हकीकत लिहायलाच हवी. मी आमटीची पळी उकळून घेतली (आता ती आमटीत जाणार नाही) आणि सकाळी सहा वाजता सिस्टरमागे निघाले. ती बसते, मी वाकते, ती उठते. माझे गुडघे आणि तिचा लंगडा पाय, दोघी सारख्याच. शेजारची धोंडीबाई दात घासत ओट्यावर उभी. "अगो बाय! पली घेऊन कुत्रीच्या मागं काय चाल्लंय? लोकं बोलतील बाईला खूल लागलं." म्हटलं, शहापूरला पाठवायचं आहे. तर म्हणते, "शिस्टरचं मूत शहापूरला चाल्लं, नि आमी आजून शहापूर बगलं नाय." शेवटी तिनेच सिस्टरला बोलण्यात गुंतवलं आणि मी मागून पळी सरकवली. अर्धी भरली. रक्त गोमाने घरी येऊन काढून दिलं.

आता तुझे रकाने. पाणी मोजलं, दिवसाला अडीच लिटर. वजन भातगिरणीच्या काट्यावर केलं, आधी तिला उचलून, मग माझं एकटीचं वजा करून. साडेतेरा किलो. गेल्या वर्षीच्या लशीच्या कार्डावर एकोणीस आहे. उलट्या दिवसाला दोन. शी काळी, डांबरासारखी, आणि वास असा की बोलायची सोय नाही.

मासळीचं लिहिलंस आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धोंडीबाई! रोज दुपारी तिच्या जेवणातली सुकट कुत्रीपुढे टाकते. खारट, वाळूसकट. मी तिला बोलावून चार शब्द सुनावले. म्हटलं, बाई, तुझ्या लाडाने माझ्या कुत्रीच्या रक्तात युरिया चढलाय, आजपासून माझ्या अंगणात पाऊल टाकू नकोस. ती काही बोलली नाही. पदर खोचून गेली. अपराधी माणूस असाच गप्प राहतो.

फॉर्म सोबत आहे.

मथुराआत्या


शहापूर
२८ डिसेंबर

ती. आत्या,

हे पत्र बसून वाच.

मी तुला चुकीचा धीर दिला. किडनी ठीक नाही. कसं कळलं ते सांगते, कारण नुसता माझा शब्द तू घेणार नाहीस, आणि आता घेऊही नयेस.

क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. अंगावर मांस कमी, तर रक्तात क्रिएटिनिनही कमी. एकोणीस किलोची कुत्री साडेतेरावर आली, तिच्या अंगावर स्नायू उरलेत कुठे? तिचा १.३ हा धडधाकट कुत्रीचा १.३ नव्हता. वजन विचारायच्या आधी मी 'ठीक आहे' लिहून मोकळी झाले. कॉलेजात पहिल्या वर्षी हे शिकवतात. तुला चार वर्षांनी उत्तर देताना मला हुशार दिसायचं होतं, दुसरं कारण नाही.

आता नवे आकडे. क्रिएटिनिन २.४. सात दिवसांत जवळजवळ दुप्पट. लघवी तपासली. अंगातलं पाणी आटलेलं असताना किडनी पाणी धरून ठेवते आणि लघवी घट्ट सोडते. तिचा दाटपणा १.०१२ आला, म्हणजे लघवी पाण्यासारखी पातळ. डोळे खोल गेलेत, कातडी ओढली तर उभी राहते असं गोमाने बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहिलंय, तरी किडनी पाणी सोडते आहे. तिला धरताच येत नाही. अडीच लिटर पिऊनही ती तहानलेलीच असते. लघवीतून प्रथिनंही जात आहेत.

आणि एक गोष्ट. युरिया आता १९६ आहे. क्रिएटिनिनच्या मानाने फारच जास्त. हिमोग्लोबिन ८.१ वरून ७.२. शी डांबरासारखी. हे तिन्ही एकत्र ठेवले तर एकच अर्थ निघतो. पोटात कुठेतरी जखम आहे, रक्त झिरपतंय, ते आतड्यात पचतंय आणि त्याचाच युरिया होतोय.

सुकटीने पोटात जखम होत नाही, आत्या. धोंडीबाईने हे केलेलं नाही.

पोटात जखम आणि किडनीवर घाव, दोन्ही एकाच वेळी करणारी एक गोष्ट आम्हाला नेहमी भेटते. अंगदुखीची गोळी. माणसाला जी चालते ती कुत्र्याला विष होते. तू लिहिलंस की सिस्टर लंगडते. कधीपासून, ते लिहिलं नाहीस. फॉर्मचा पाचवा रकाना कोरा आला आहे.

तिला इकडे घेऊन ये. उद्या.

दिशा


सिद्धगडाच्या पायथ्याशी
३० डिसेंबर

दिशा,

आधी म्हणतेस ठीक आहे, आठ दिवसांनी म्हणतेस ठीक नाही. तिसऱ्या आठवड्यात काय म्हणशील? एका लॅबने माझ्या कुत्रीला नर्स केलं, तू मला आरोपी केलंस. प्रगती आहे.

रकाना कोरा आहे कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. धोंडीबाईची बाजू घ्यायला तुला इथे किती दिवस राहिल्याचा अनुभव आहे? पुस्तकात वाचून माणसं ओळखता येत नाहीत.

शहापूरला आणणार नाही. दोन तास जीपमध्ये तिची हाडं खिळखिळी होतील. औषध असेल तर विठूच्या हाती पाठव, नसेल तर तसं कळव.

म. हरड


शहापूर
१ जानेवारी २०२५

आत्या,

भांडायला वेळ नाही. असे आकडे तीन कारणांनी येऊ शकतात. गोचिडीचा ताप, उंदराच्या मुतातून होणारी कावीळ, किंवा गोळी. तिन्हींची औषधं वेगळी. ताप समजून मी दिलेलं औषध फुटलेल्या पोटावर पडलं तर ती माझ्या हातून मरेल. मी तिला पाहिलेलं नाही, माझ्याकडे फक्त कागद आहे आणि त्यातली एक जागा कोरी आहे.

नवा फॉर्म पाठवते. पहिले चार रकाने मी भरले आहेत.

दिशा


सिद्धगडाच्या पायथ्याशी
३ जानेवारी

चि. दिशा,

हे पत्र विठूकडे देत नाही, स्वतः घेऊन येते आहे. उद्या सकाळच्या जीपने आम्ही निघतो. तोंडाने मला हे सांगता येणार नाही, म्हणून लिहून आणते. मी सिस्टरला घेऊन समोर उभी असेन तेव्हा तू हे वाच आणि वाचून होईपर्यंत माझ्याकडे बघू नकोस.

गोळी मी दिली.

गणपतीत एका मोटारसायकलने तिला उडवलं. मागचा पाय सुजला, ती रात्रभर कण्हायची. माझ्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी डब्यात होती. अर्धी भाकरीत घालून दिली. सकाळी ती चालली. मला काय आनंद झाला सांगू! दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. मग रोज संध्याकाळी, अर्धी मला आणि अर्धी तिला. मी गोळी फोडली की ती पायाशी येऊन बसायची. साडेतीन महिने.

उलट्या सुरू झाल्या तेव्हा ती भाकरीच खाईना, म्हणून चार-पाच दिवस गोळी आपोआप राहिली. मग तुझं पत्र आलं, किडनी ठीक आहे, काळजी सोड. ती पुन्हा लंगडत होती. त्याच संध्याकाळी मी केळ्यात घालून गोळी पुन्हा सुरू केली. तुझे आकडे सात दिवसांत दुप्पट का झाले ते आता तुला कळेल. हे तुझ्यावर ढकलायला लिहीत नाही. तुला आकडे जुळवायला लागतील म्हणून लिहिते.

तुझं अठ्ठावीस तारखेचं पत्र वाचलं आणि गोळी थांबवली. त्याच संध्याकाळी. म्हणजे मला कळलं होतं. कळलं होतं, तरी दोन दिवसांनी मी तुला तसलं पत्र लिहिलं आणि धोंडीबाईला दारातून हाकललेलंच ठेवलं.

काल मी तिच्याकडे गेले. ती भात पाखडत होती. वर बघितलं नाही. म्हटलं, धोंडी, सुकटीने काही झालेलं नाही. ती म्हणाली, "मना ठावं हाय." म्हटलं, कसं? तर सूप थांबवून म्हणते, "गोली तर तुमी घालत व्हता भाकरीत. रोज सांजच्याला. मी वट्यावरशी बगत व्हते." मी म्हटलं, मग मी तुला एवढं बोलले तेव्हा गप्प का राहिलीस? "तुमी इचारलं नाय, बाई. नि मना वाटलं, शिकलेली बाई हाय, गोलीवरचं इंग्रजी वाचतं, तिला जास्ती कललं."

घरी येऊन मी गोळ्यांचं खोकं उघडलं. आत बारीक घडी घातलेला कागद असतो, तो दर वेळी मी चुलीत टाकत आले. या वेळी भिंग घेऊन वाचला. किडनीचा आजार असेल तर देऊ नये. पोटात व्रण असेल तर देऊ नये. उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर देऊ नये. स्वच्छ इंग्रजीत. माणसांसाठी लिहिलेलं, पण माणसाला एवढं सांगतात तर कुत्रीला काय होत असेल हे समजायला कॉन्व्हेंट लागत नाही. या पाड्यावर इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. त्या तोऱ्यात माझी पस्तीस वर्षं गेली आणि हा एक कागद मी वाचला नाही.

कॉन्व्हेंटात शनिवारी सगळ्या मुलींना आठवड्याच्या चुका चिठ्ठीवर लिहायला लावत. आम्ही हिंदूंच्या मुली, आम्हाला कन्फेशन नव्हतं, तरी चिठ्ठी होतीच. मी दर शनिवारी दुसऱ्या मुलींच्या चुका लिहायचे. सिस्टर म्हणायच्या, मथुरा, तुझं अक्षर फार सुंदर आहे, आता स्वतःचं नाव घालून लिही.

लॅबमधल्या मुलीने विचारलं नव्हतं. तू विचारलंस. तीनदा.

ती जगेल का, हे मला विचारायचा हक्क नाही. तरी विचारते.

तुझी आत्या


शहापूर
१४ जानेवारी

ती. आत्या,

आठ दिवस आपण एका घरात राहिलो आणि सलाइनच्या बाटल्यांपलीकडे काही बोललो नाही. पप्पा म्हणतात, तुम्ही दोघी एकमेकींना चिठ्ठ्याच द्या.

आधी आकडे. तू आलीस त्या दिवशी क्रिएटिनिन ३.६ होतं. चौथ्या दिवशी २.९, निघताना २.२. युरिया २१० वरून ८४ वर आला. शीचा रंग बदलला, म्हणजे पोटातलं रक्त थांबलं. हिमोग्लोबिन हळूहळू चढेल.

पण शेवटचे दोन दिवस क्रिएटिनिन २.२ वरच थांबलं आहे आणि लघवी अजून पातळ आहे. जे सुजलं होतं ते भरून आलं. जे मेलं ते परत येणार नाही. किती मेलं ते एका आकड्याने सांगायचं नाही, हे मी तुझ्याच कुत्रीवर शिकले. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त, लघवी आणि वजन, तिन्ही एकत्र बघू. कुत्री कशी आहे ते त्यानंतर सांगेन. जगेल का, असं तू विचारलं होतंस. जगायला लागली आहे. किती दिवस, ते मला माहीत नाही आणि आता मी अंदाजाने लिहिणार नाही.

खायला पेज, उकडलेल्या अंड्यातलं पांढरं, मीठ नाही. पाणी सारखं भरलेलं ठेव, कितीही प्यायली तरी काढून घेऊ नकोस. पाय दुखेल. दुखू दे. शेक दे, आणि मला कळव.

एक सांगायचं राहिलं. तू पत्र हातात दिलंस तेव्हा तू बघू नकोस म्हणालीस, म्हणून मी तुझ्याकडे पाहिलं नाही. मी सिस्टरकडे बघत होते. ती तुझ्याकडे बघत होती.

दिशा


सिद्धगडाच्या पायथ्याशी
११ फेब्रुवारी

चि. दिशा,

विठूकडे बर्फाची पिशवी दिली आहे. रक्त, लघवी आणि फॉर्म. पळी आता धोंडीबाई धरते, मी सिस्टरला बोलण्यात गुंतवते. तिला माझं बोलणं ऐकायची सवय आहे. धोंडीबाई म्हणते, "तुमी बोलत ऱ्हावा बाई, तुमचं आयकून तिला मुतायलाच येतं." महिन्याभरात तिने मला केलेला हा पहिला विनोद. मी ऐकून घेतला.

ती म्हशाच्या जत्रेला गेली होती. तिथून सिस्टरसाठी एक घोंगडी घेऊन आली. मला विचारलं नाही, सरळ अंगणात येऊन तिच्यावर टाकली. सुकट मात्र आता देत नाही. खात असताना पाठ करून बसते, म्हणजे कुत्रीचे डोळे बघावे लागू नयेत.

सिस्टर अजून पाणी फार पिते. आज सकाळी पायरी चढताना थांबली आणि माझ्याकडे वळून बघितलं. संध्याकाळी मी माझी गोळी घेते तेव्हा ती अजूनही येऊन पायाशी बसते. मी आता गोळी आत जाऊन घेते. ती दारात वाट बघते.

तुझ्या फॉर्मवर जागा कमी होती, मागे कागद जोडला आहे. पुढचं सगळं तुझ्या रजिस्टरमध्ये आहे तसं चिकटव, कोणी नवीन डॉक्टर आला तर त्याला विचारावं लागू नये.

नाव : सिस्टर.
जात : गावठी कुत्री.
वय : नऊ.
पाणी : दोन लिटर.
वजन : साडेचौदा किलो.
उलट्या : नाहीत.
शी : पिवळट, बांधीव.
आधी दिलेली औषधं : गुडघेदुखीची माणसाची गोळी, अर्धी, रोज, सप्टेंबरपासून २८ डिसेंबरपर्यंत, मध्ये काही दिवस बंद.

इथे तुमचा फॉर्म संपतो. एक रकाना मी पट्टीने आखून वाढवला आहे.

औषध देणाऱ्याचं नाव : मथुरा हरड, वय एकोणसत्तर. माणूस.